पारावरची जागा

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, असं मला आईनं शिकवलं होतं. पण नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही, म्हणून घेते. ग्यानबा. आमच्या गावचे पोलीस पाटील.

जऊळका स्टेशनावर उतरून पांदीच्या वाटेनं चालत आलं की आमचं गाव लागतं. पूर्वी गावची पाटीलकी नानाजींच्या घराण्यात होती. आजाकडून बापाकडं, बापाकडून नानाजींकडं. मग सरकारनं ती पद्धत मोडली. पाटील व्हायचं तर प्रांतसाहेबांपुढं परीक्षा द्या, साहेबांना पटलं तर हुकूम मिळेल. ग्यानबा सातवी पास. बौद्धपुऱ्यातल्या माणसानं अर्ज केला म्हणून गाव पोट धरून हसलं, आणि हुकूम आला तेव्हा गाव गप्प बसलं. पण पारावर त्यांना कुणी बोलावलं नाही. गावचे वाद आधीसारखेच लिंबाखालच्या पारावर, नानाजींपुढंच मिटत राहिले. आमचे ग्यानबा जन्ममरणाची नोंद करत आणि ठाण्याच्या हजेरीला जात.

आता त्यांचा स्वभाव सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. माणूस गरीब, आवाज हळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एकदा कानावर आलेली गोष्ट त्यांच्या पोटात राहत नाही. नेमणूक झाली तेव्हा फौजदारसाहेबांनी सगळ्या पाटलांना समोर बसवून सांगितलं होतं, की ज्या गुन्ह्यात जामीन हक्कानं मिळत नाही तसा गुन्हा गावात घडल्याचं पाटलाला कळलं, तर त्यानं ताबडतोब ठाण्यात कळवायचं. मुद्दाम नाही कळवलं तर पाटलालाच सजा. इतरांनी मान डोलावली आणि चहा पिऊन घरी गेले. ह्यांनी ते मनावर घेतलं. माझा सख्खा भाऊ गोविंदा नाल्याकाठी हातभट्टी लावायचा. ह्यांनी त्याचाही रिपोर्ट दिला. मी रागानं माहेरी निघून गेले, तर हे मला न्यायला आले आणि माझ्या आईच्या दारात बसून गोविंदालाच समजावू लागले, की बापा, कायदा पाळायला काय हरकत आहे. गोविंदानं त्यांच्यावर लोटा फेकला होता.

एवढं सगळं गावाला ठाऊक होतं. तरी गाव चुकलं.

पंच्याहत्तर सालची गोष्ट. दिवाळी उलटून ज्वारी कापणीला आली होती. सकाळी कोतवाल लखमा आमच्या दारात आला आणि म्हणाला, नानाजींनी बोलावलं आहे, पारावर बैठक आहे, पाटलांनी बसायला यावं. मला वाटलं माझ्या कानांचाच काहीतरी घोटाळा झाला. लखमानं पुन्हा सांगितलं. जाजम टाकलं आहे म्हणाला.

खोटं कशाला सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं. आमच्या सासऱ्यांनी त्या पाराजवळून जाताना जन्मभर पायातल्या वहाणा हातात घेतल्या होत्या. मी ह्यांचं धुतलेलं धोतर काढलं, टोपीला तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. हे म्हणत होते, काहून इतकी घाई करून राह्यली. पण त्यांच्याही बोटांना सदऱ्याचं बटण सापडत नव्हतं. बैठक कशाबद्दल आहे हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

बोलावण्यामागचं कारण मागाहून कळलं. मागच्या उन्हाळ्यात पारावर मिटवलेला शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा एक तंटा वाशीमच्या कोर्टात जाऊन उलटला होता. तिथल्या वकिलानं भर कोर्टात विचारलं होतं, हे नानाजी कोण, पाटील तर दुसरेच आहेत. ते नानाजींच्या जिव्हारी लागलं. आता नाजूक प्रकरण मिटवायचं होतं आणि ते पक्कं मिटायला हवं होतं. त्यासाठी सरकारी पाटील समोर बसलेला हवा. ग्यानबांना पारावर मानानं बसवलं की माणूस पाघळेल, मान डोलावील आणि विषय संपेल, असा त्यांचा हिशेब.

मी बायांमध्ये, पारासमोरच्या नानाजींच्या ओसरीच्या कडेला उभी राहिले. पारावर नानाजी, त्यांच्या शेजारी आमचे ग्यानबा, आणि बाकीचे पंच. समोर खाली चक्कीवाला दौलतराव बसला होता. हा नानाजींचा भाऊबंद, गावात त्याची एकट्याची पिठाची चक्की. देवळाला वर्गणी देणारा, पोरासोरांच्या हातावर गूळ ठेवणारा माणूस. त्याच्यापासून लांब उकंडा मान खाली घालून बसला होता. उकंडा दोन-चार एकरांचा कास्तकार. त्याची बायको कस्तुराबाई आम्हा बायांमध्ये, खांबाला टेकून. आणि तिच्या लुगड्यात तोंड खुपसून तिची पोरगी पंचफुला. चौथीत शिकत होती. एवढीशी.

नानाजींनी पानसुपारी फिरवली आणि आमच्या ह्यांच्याकडं पाहून म्हणाले की आता जुन्या रीतीनं होऊ द्या. जुनी रीत अशी की ज्याच्या हातून चूक झाली त्यानं पाराच्या दगडावर हात ठेवून, पाटलाच्या आणि पंचांच्या समोर, स्वतःच्या तोंडानं सगळं सांगायचं. सांगितलं की माफी. त्यानंतर गावात त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार करायचा नाही.

दौलतरावनं दगडावर हात ठेवला आणि सांगितलं. पंचफुला दळण घेऊन चक्कीवर यायची. गर्दी सरली की तो तिला पाठीमागच्या पोत्यांच्या खोलीत न्यायचा. एकदा नाही, पावसाळाभर. त्यानं तिथं जे केलं त्याचं नाव मी इथं घेत नाही. त्यानं मात्र घेतलं, आणि जणू कुणाच्या शेतात बैल शिरला अशा आवाजात घेतलं. शेवटी म्हणाला, माफी असावी. कस्तुराबाईनं पोरीचे कान दोन्ही हातांनी झाकून धरले होते. पोर चक्की टाळून डोक्यावर डबा घेऊन जऊळक्याला दळायला जाऊ लागली, तेव्हा कुठं आईनं तिला खोदून विचारलं होतं. आईनं ते उकंडाला सांगितलं, आणि उकंडा रीतीप्रमाणं नानाजींकडं गेला.

मग नानाजींनी तोडगा सांगितला. येत्या शुक्रवारी पंचफुलाचं लग्न लावून द्यायचं. स्थळ पाहून ठेवलं होतं, पुसदच्या बाजूचा एक बिजवर, लेकरंबाळं असलेला. लग्नाचा खर्च दौलतराव करील, वर गावजेवण देईल. पोरगी दूर जाईल, बोभाटा होणार नाही, उकंडाची अब्रू राहील. उकंडानं मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली. गुन्हा केला चक्कीवाल्यानं आणि गावाबाहेर जाणार होती पोरगी, तीही एका बापाच्या वयाच्या माणसाच्या घरी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी ग्यानबांकडं पाहत होते, आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. त्या जाजमावर बसायला आमच्या किती पिढ्या गेल्या होत्या. ते हलले नाहीत तर उद्यापासून गाव त्यांना रोज तिथं बसवणार होतं.

नानाजी म्हणाले, “पाटील, तुमी हो म्हना, म्हंजे संपलं.”

ग्यानबांनी हो म्हटलं नाही. ते दौलतरावकडं वळले आणि नेहमीच्याच हळू आवाजात त्यांनी विचारलं, की तुम्ही आता जे सांगितलं ते कुणाच्या धाकानं सांगितलं का? कुणी मारलं, दरडावलं? दौलतरावला हा मानाचाच प्रश्न वाटला. म्हणाला, मला कोण दरडावणार, मी आपल्या मनानं सांगितलं. ग्यानबांनी पंचांना विचारलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं ना? सगळे म्हणाले, ऐकलं. मग ते उठले. टोपी सारखी केली आणि पाराच्या खाली उतरून वहाणा घातल्या.

“कुठं निंगाले?” नानाजींनी विचारलं.

“ठान्यात,” ग्यानबा म्हणाले. “तुमी मले पाटील म्हून बसवलं. मले सांगतलं म्हंजे सरकारले सांगतलं.”

मग सगळे एकदमच बोलायला लागले. गावातलं गावात राहू दे, पोरीची बदनामी होईल, उकंडाचीच तक्रार नाही तर तुझं काय जातं. आतापर्यंत ‘तुमी’ होते ते क्षणात ‘तू’ झाले. ग्यानबांनी उकंडाला विचारलं, येतो का? उकंडा जमिनीकडं पाहत राहिला. तेव्हा माझ्या शेजारची कस्तुराबाई खांब सोडून पुढं झाली. पोरीला कडेवर घेतलं, एवढी मोठी पोर, आणि पुरुषांच्या बैठकीतून सरळ चालत येऊन ग्यानबांच्या मागं उभी राहिली. मग मी तरी कशाला थांबते? मीही गेले.

गावातून कुणी बैलबंडी देईना. शेवटी आमच्या पुऱ्यातल्या चंपाबाईनं स्वतःची बंडी जुंपून दिली. ग्यानबा पुढं बैल हाकत होते आणि आम्ही तिघी मागं बसलो होतो. गाव मागं पडल्यावर पंचफुलानं पहिल्यांदा तोंड उघडलं. तिनं मला विचारलं, “काकू, मले जेलात नेऊन राह्यले का?”

मी आजवर पुष्कळ ऐकून घेतलं आहे, पण ह्या प्रश्नासारखं दुसरं काही मला लागलं नाही. मी तिचं तोंड माझ्याकडं वळवलं आणि तिला सांगितलं, की जेलात तो जाईल. तू त्याला पाठवायला चालली आहेस. मग तिनं विचारलं की तिथं सगळं सांगावं लागेल का. मी म्हटलं, हो, पण मी शेजारी बसेन, आणि हात पाहिजे तर हात धर. ती म्हणाली, धरते.

ठाण्यात फौजदारसाहेबांनी आधी जरा कटकट केली. बापाची तक्रार नाही, तुम्ही कशाला मधे पडता पाटील, असं म्हणाले. ग्यानबा म्हणाले, “साहेब, बापाचं बाप पाहीन. कायद्यानं हे काम माहं हाये. मी आयकलं, मी सांगून राह्यलो.” मग त्यांनी बैठकीतलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. दौलतरावनं पंचांपुढं आपल्या मनानं कबूल केलं, हे ऐकताच फौजदारसाहेब खुर्ची पुढं ओढून बसले. एवढी माणसं समोर होती? सगळ्यांनी ऐकलं? त्यांनी दोनदा विचारलं. नोकरीच्या एवढ्या वर्षांत कुण्या आरोपीनं साक्षीदार बोलावून, त्यांना पानसुपारी देऊन गुन्हा कबूल केलेला त्यांनी पाहिला नसावा. मला त्या तसल्या वेळीही हसू आलं.

पंचफुलानं माझा हात धरून सगळं सांगितलं. रडली, थांबली, पाणी प्याली, पुन्हा सांगायला लागली. वाशीमच्या दवाखान्यात बाईडॉक्टर होत्या, त्यांनी मायेनं तपासलं. दिवस मावळायच्या आत पोलिसांनी दौलतरावला चक्कीतून उचललं. पट्टा फिरतच होता म्हणे, बंद करायलाही वेळ दिला नाही.

मग गावानं दात दाखवले. आमच्या पुऱ्यातल्या कुणालाच सोंगणीला बोलावणं येईना. आमचेच लोक मला विहिरीवर बोलू लागले, तुझ्या नवऱ्याच्या कायद्यापायी आमच्या चुली विझायची वेळ आली. मीही कमी नाही, मी एकेकीला विचारलं, तुझी पोर असती तर? चंपाबाई तेवढी म्हणाली, ज्वारी काय रानातच राहणार आहे, दाणे गळायला लागले की येतील झक मारत.

गुरुवारी नानाजींनी अख्ख्या गावाला पारावर बोलावलं. ग्यानबांची पाटीलकी काढून घ्या असा अर्ज प्रांतसाहेबांकडं करायचा होता, आणि त्यावर साऱ्या गावाची सही-अंगठा घ्यायचा होता. शिवाय पंचांनी जबाब देताना आम्ही काही ऐकलंच नाही म्हणावं, असंही ठरत होतं. ह्यांना म्हटलं, नका जाऊ. तर म्हणाले, पाटलानं गावच्या बैठकीला जायला पाहिजे.

ह्या वेळी जाजम त्यांच्यासाठी नव्हतं. ते खाली उभे राहिले, मी त्यांच्या मागं. नानाजी म्हणाले, अजूनही वेळ गेलेली नाही. आपल्याला नीट ऐकू आलं नाही एवढं ठाण्यात जाऊन सांग, पारावरची जागा तुझी.

ग्यानबा म्हणाले, “जागा तुमची होती, नानाजी. तुमी देली, तुमी घ्या. पन कान माहे हायेत.”

लखमानं अर्ज वाचला. नानाजींनी विचारलं, कुणाला काही म्हणायचं आहे का? हे विचारायचं म्हणून विचारतात. कुणी काही म्हणत नसतं. पण त्यांच्याच ओसरीवरून आवाज आला. त्यांची थोरली सून, द्वारका. सासऱ्यासमोर ही बाई कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. डोक्यावरचा पदर पक्का धरून ती पायऱ्या उतरली, तिच्या हातात तिच्या पोरीचा हात होता. ती पाराजवळ आली, पण वर न पाहता ग्यानबांच्या समोर थांबली.

“मामाजी, ह्यायची पाटीलकी काढाची असन तं मंग काढा,” ती म्हणाली. “आंधी मले पाटलाले सांगू द्या. माही पोरगी बी त्याच चक्कीवर जात होती.”

सारं गाव नानाजींकडं पाहू लागलं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि माझा सगळा राग कुठं गेला कोण जाणे. आजा होते ते शेवटी. नातीकडं पाहत होते आणि ती त्यांच्याकडं पाहत नव्हती. त्यांनी लखमाच्या हातातला अर्ज मागून घेतला, फाडला नाही की फेकला नाही, नुसता मांडीखाली सरकवून ठेवला. मग म्हणाले, “पाटील, आयका तिचं.”

ग्यानबांनी तिथं काही विचारलं नाही. इथं नको बाई, घरी चल, विमल आहे, तिच्याजवळ बसून सांग, एवढंच म्हणाले. विमल म्हणजे मी. आम्ही निघालो तर मागून आणखी एक बाई उठली. मग कोपऱ्यातली आणखी एक. कुणी घुंगट ओढून, कुणी पोरीच्या पाठीवर हात ठेवून. ज्या बौद्धपुऱ्यात ह्या बायांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, तिथं माझ्या अंगणात त्या दाटीवाटीनं बसल्या. मी सगळ्यांना पाणी दिलं, आणि सगळ्या प्याल्या. माझं घर आधी कधी इतकं मोठं मला वाटलं नव्हतं.

निकाल पुढं सालभरानं अकोल्याला लागला. जऊळक्याहून गाडीनं आम्ही सगळ्या गेलो होतो. त्याआधी साक्षीला नानाजी पिंजऱ्यात उभे राहिले आणि जे पारावर ऐकलं होतं ते शब्दन् शब्द बोलले. दौलतरावच्या वकिलानं त्यांना विचारलं, तुम्ही भाऊबंद असून उलट का बोलता? म्हणाले, माझ्या पारावर त्यानं दगडावर हात ठेवून सांगितलं आहे, ते मी खोटं कसं म्हणू? दौलतरावला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. परत येताना डब्यातल्या बायांनी इतका कालवा केला की तिकीटतपासनीस विचारू लागला, लग्नाला गेला होता का.

पण मला विचाराल तर आम्ही जिंकलो ते त्या लग्नाच्या शुक्रवारीच. गुरुवारच्या त्या गोंधळात एक गोष्ट सारेच विसरले: पुसदकडच्या पाहुण्यांना कुणी निरोपच दिला नव्हता. शुक्रवारी सकाळी नवरदेव फेटा बांधून, चार माणसं घेऊन उकंडाच्या दारात हजर. मिशांना काळा रंग लावला होता, तो घामानं गालावर उतरला होता. मी तेव्हा कस्तुराबाईकडंच होते. उकंडानं स्वतः उठून त्यांना पाय धुवायला पाणी दिलं. पारावर मान वर न करणारा हा माणूस त्या दिवशी ताठ उभा राहून म्हणाला, लग्न मोडलं, माझी पोरगी कुणाचं पाप झाकायला नाही.

पाहुणे बसलेलेच. त्यांना वाटलं, मानपानाचं काहीतरी अडलं असेल, बोलून सुटेल. त्यातला एक म्हातारा म्हणाला, पोरगी तर दाखवा, एवढ्या लांबून आलो.

कस्तुराबाई चुलीपुढून उठली आणि दारात आली. म्हणाली, “ते शाळेत गेली.”

म्हातारा म्हणाला, बरं, मग संध्याकाळी येईलच की, आम्ही थांबतो.

“येईन ना,” कस्तुराबाई म्हणाली. “पन उद्या आणखीन शाळा हाये. परवा नाई, परवा आईतवार हाये. मंग सोमवारी हायेच.”